कावळा बसला, फांदी मोडली : मेंदूतील रसायने आणि योगायोगाचा अर्थ

लखनौ शहरातील चौक ही फार जुनी बाजारपेठ होय. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत पसरलेल्या या वस्तीत अत्तराची, जरीकामाची आणि चिकनकामाची दुकाने शेजारी शेजारी आढळतात. चिकनकामाची एक रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. कारागीर प्रथम लाकडी ठशाने कापडावर निळ्या कच्च्या रंगात नक्षी उमटवतो. त्या रेषांवरून मग स्त्रिया सुईदोऱ्याने टाके घालतात. शेवटी कापड धुतले, की निळी रेघ नाहीशी होते आणि नक्षी तेवढी उरते. असे कापड हाती घेणारा मनुष्य मनाशी म्हणतो, की ही वेलबुट्टी आपोआप आलेली नाही, कोणीतरी ती हेतुपूर्वक काढली आहे. हा तर्क सर्वस्वी बरोबर असतो.

परंतु पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि त्या डागांतही आपल्याला एखादा चेहरा दिसू लागतो. ढगांत हत्ती दिसतो, चंद्रावर ससा दिसतो. येथे कोणी ठसा मारलेला नसतो. मग ही आकृती आली कोठून? उत्तर असे, की येथे ठसा पाहणाऱ्याच्या मेंदूत असतो. जे विस्कळीत व निर्हेतुक आहे त्यातही अर्थ आणि संगती पाहण्याची ही प्रवृत्ती मनुष्यमात्रात आहे. तिचे स्वरूप काय, तिच्यामागे मेंदूतील कोणती रसायने काम करतात, आणि तिच्यापासून हित व अहित दोन्ही कसे होते, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे.

२००२ सालची एक भीती

सन २००२ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशच्या पूर्व भागात एक विलक्षण वार्ता पसरली. रात्री आकाशातून लाल-निळा प्रकाश टाकणारी एक वस्तू येते, झोपलेल्या माणसाचा चेहरा ओरबाडते आणि नाहीशी होते, असे लोक सांगू लागले. तोंड ओरबाडणारा म्हणून त्याला ‘मुंहनोचवा’ असे नाव पडले. मिर्झापूरकडील खेड्यांतून निघालेली ही वार्ता पाहता पाहता राजधानीपर्यंत पोहोचली. ते वर्ष देशभर अवर्षणाचे होते. उकाड्याच्या दिवसांत गच्चीवर किंवा अंगणात खाट टाकून झोपण्याची त्या भागातील रीत. पण लोक भयाने घरात कोंडून घेऊ लागले. गावोगाव काठ्या घेऊन रात्रीचे पहारे बसले. या अदृश्य शत्रूला पकडावे, अशी मागणी करणारे मोर्चे निघाले. अशाच एका जमावावर बाराबंकी जिल्ह्यात पोलिसांनी गोळीबार केला व त्यात एक माणूस मृत्यू पावल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते.

लखनौच्या चौक भागातच किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९०५ साली त्याची कोनशिला बसवण्यात आली व १९११ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. आज ते विद्यापीठ झाले आहे. त्या दिवसांत या संस्थेतील एका डॉक्टरांनी वृत्तसंस्थेला सांगितले, की हा सामूहिक भीतीचा प्रकार असून पुष्कळशा जखमा रुग्णांनी नकळत स्वतःच करून घेतलेल्या असतात. काही आठवड्यांनी वार्ता विरली. ती वस्तू कोणालाही पकडता आली नाही.

या प्रकरणाला अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. तसे केल्याने मात्र आपण काहीच शिकणार नाही. उकाड्याच्या कोणत्याही रात्रीनंतर हजारो खेड्यांत कित्येक माणसे अंगावर ओरखडे घेऊन उठतात. कोणाला डास चावलेला असतो, कोणाला खाटेची काथ्या लागलेली असते, कोणी झोपेत स्वतःलाच खाजवलेले असते. एरवी अशा ओरखड्याची कोणी दखलही घेत नाही. एकदा नाव मिळाले, की तोच ओरखडा पुरावा ठरतो. घटना नव्या घडल्या नव्हत्या; घटनांना जोडणारा धागा तेवढा नवा होता.

यदृच्छा कशी दिसते

आपली पहिली अडचण अशी, की निव्वळ यदृच्छेने घडणाऱ्या गोष्टी कशा दिसतात याची आपल्याला नीट कल्पना नसते. वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. वर्गातील निम्म्या मुलांनी नाणे वीस वेळा उडवून छापा-काटा क्रमाने लिहावा. उरलेल्यांनी नाणे न उडवता, आपल्या मनाने वीस निकालांची खोटी यादी तयार करावी. मग शिक्षकांनी सर्व याद्या पाहाव्यात. खऱ्या व खोट्या याद्या पुष्कळदा ओळखता येतात. मनाने लिहिणारा मुलगा तीन छापे लागोपाठ आले, की घाईने काटा लिहितो. त्याला चौथा छापा ‘नैसर्गिक’ वाटत नाही. गणित मात्र सांगते, की वीस फेकींत एकच बाजू लागोपाठ चार किंवा अधिक वेळा येण्याचा संभव शेकडा सुमारे ७७ आहे. लागोपाठ पाच किंवा अधिक वेळा येण्याचा संभवही शेकडा सुमारे ४६ आहे. यदृच्छा ही सारख्या अंतरावर मणी ओवलेल्या माळेसारखी नसते. तिच्यात पुंजके असतात, आणि पुंजका दिसला, की आपण कारण शोधू लागतो.

दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४४ साली लंडनवर जर्मन उडते बॉम्ब पडत होते. काही वस्त्यांवर ते पुनःपुन्हा पडतात व काहींना वगळतात, असे लोकांना वाटे. युद्धानंतर, १९४६ साली, आर. डी. क्लार्क यांनी दक्षिण लंडनचा नकाशा घेऊन १४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश सारख्या ५७६ घरांत विभागला आणि प्रत्येक घरात किती बॉम्ब पडले हे मोजले. एकूण बॉम्ब ५३७ होते. ते नेम न धरता कोठेही पडले असतील, तर सुमारे २२७ घरांत एकही नाही, २११ घरांत एक व ९९ घरांत दोन बॉम्ब असावेत, असे गणित सांगत होते. प्रत्यक्षात ही संख्या अनुक्रमे २२९, २११ व ९३ भरली. लोकांना जो नेम दिसला तो नव्हताच.

साप आणि दोरी

अंधाऱ्या वाटेवर दोरी पडलेली असावी आणि तिच्या जागी सर्प दिसावा, हा दृष्टांत आपल्या तत्त्वज्ञांनी फार पूर्वीपासून वापरला आहे. शास्त्रज्ञही जवळजवळ याच दृष्टांताने विचार करतात. वाटसरूच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. दोरीला साप समजणे ही पहिली, आणि सापाला दोरी समजणे ही दुसरी. पहिल्या चुकीची किंमत म्हणजे घटकाभर छातीत धडकी. दुसरीची किंमत प्राण. ज्या पूर्वजांचा मेंदू पहिल्या चुकीकडे झुकलेला होता ते बहुधा अधिक टिकले, आणि आपण त्यांचे वंशज आहोत. ‘साप समजून भुई धोपटणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार त्या झुकलेल्या पारड्याचेच वर्णन करतो.

ही प्रवृत्ती केवळ भयाची नव्हे. मूल आईचा चेहरा ओळखते, शेतकरी ढगांवरून पावसाचा अंदाज बांधतो, वैद्य लक्षणांच्या समूहावरून रोग जाणतो. या सर्वांच्या मुळाशी सुट्या खुणा एकत्र जोडण्याची तीच शक्ती आहे. ती नसती, तर भाषा नसती आणि विज्ञानही नसते. प्रश्न एवढाच, की मेंदू कोणती जोडणी जपून ठेवावी व कोणती टाकून द्यावी हे कसे ठरवतो?

मेंदूतील निरोप्या

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तेव्हा दोहोंमधील अतिसूक्ष्म फटीत एक रासायनिक द्रव्य सोडले जाते व ते पलीकडील पेशीच्या ग्राहकांवर जाऊन बसते. अशी द्रव्ये अनेक आहेत. त्यांपैकी डोपामिन हे आपल्या विषयाशी विशेष निगडित आहे. अन्नातील प्रथिनांपासून मिळणाऱ्या टायरोसिन या आम्लापासून शरीर प्रथम डोपा व त्यापासून डोपामिन बनवते. ते तयार करणाऱ्या पेशी मध्यमेंदूत अवघ्या काही लाख आहेत. पण त्यांच्या शाखा मेंदूच्या दूरदूरच्या भागांत पोहोचतात.

डोपामिनच्या शोधाची कथा आपल्याकडील एका मुळीशी जोडलेली आहे. सर्पगंधा ही वनस्पती उत्तर भारतात निद्रानाश व वेड यांवरचे औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्या मुळीतून अनेक शुद्ध द्रव्ये वेगळी केली. त्याच वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

पुढचे पाऊल स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी उचलले. १९५७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की रिसर्पिन दिलेले ससे निश्चल होतात, आणि त्यांना डोपा टोचला, की ते पुन्हा हालचाल करू लागतात. रिसर्पिनने मेंदूतील डोपामिनचा साठा रिता होतो व डोपामुळे तो भरून निघतो, हे लवकरच स्पष्ट झाले. डोपामिन हा स्वतंत्र निरोप्या आहे, हे यातून सिद्ध झाले. या कार्याबद्दल कार्लसन यांना २००० साली दोन शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांचा जन्म १८९७ साली बाराबंकी जिल्ह्यात झाला. वर सांगितलेला २००२ सालचा गोळीबारही याच जिल्ह्यातला. हे वाचून कोणाच्या मनात क्षणभर काही जुळल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. पण या दोन गोष्टींत काहीही संबंध नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, इतकेच.

अपेक्षा आणि अनुभव

डोपामिन नेमका कोणता निरोप देते? विसाव्या शतकाच्या अखेरीस वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग या बाबतीत उद्बोधक ठरले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला, की त्याच्या डोपामिन-पेशी वेगाने स्पंदू लागत. रसापूर्वी दर वेळी दिवा लावला, तर काही काळाने पेशी रसाला नव्हे, दिव्याला प्रतिसाद देऊ लागत. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचे स्पंदन मंदावे. डोपामिन हे केवळ ‘सुखाचे द्रव्य’ नव्हे, असा याचा अर्थ. अपेक्षा आणि अनुभव यांत किती अंतर पडले, याची ते नोंद देते. ‘हे लक्षात ठेव, यात काही अर्थ आहे,’ असा त्याचा निरोप असतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू यांनी ही कल्पना गणिती रूपात मांडली.

हा निरोप चुकीच्या पत्त्यावरही जाऊ शकतो. चौकातील कबुतरबाजांना आपल्या पाखरांच्या खोडी ठाऊक असतात; त्यांना पुढील प्रयोग विशेष रुचावा. १९४८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठेवून ठराविक वेळाने दाणे मिळतील अशी यंत्रयोजना केली. कबुतर काय करते याचा दाण्यांशी काहीच संबंध नव्हता. तरीही आठांपैकी सहा कबुतरांना चमत्कारिक सवयी लागल्या. एक गोल गोल फिरू लागले, दुसरे पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात मान खुपसू लागले. दाणा पडला तेव्हा जी क्रिया सहज चालू होती, तीच दाण्याचे कारण ठरली, असे स्किनर यांचे मत होते. पुढे १९७१ मध्ये काही संशोधकांनी या वर्तनाचा निराळा अर्थ लावला. भुकेल्या पक्ष्याच्या त्या उपजत हालचालीच असाव्यात, असे त्यांचे म्हणणे. स्वतः शास्त्रज्ञालाही आकृती दिसते आणि तिची पुन्हा तपासणी करावी लागते, हा धडा यात आहेच.

प्रमाण बिघडले म्हणजे

१९५८ साली क्लाउस कोनराड या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी छिन्नमनस्कतेच्या आरंभावस्थेचे सूक्ष्म वर्णन केले. या अवस्थेत रुग्णाला रस्त्यावरील प्रत्येक नजर, प्रत्येक फलक, प्रत्येक खोकला आपल्यासाठीच योजलेला वाटतो. सर्वत्र अर्थ दिसू लागतो. त्यांनी यासाठी बनवलेल्या संज्ञेवरूनच ‘अपोफेनिया’ हा शब्द आज निर्हेतुक गोष्टींत अर्थ पाहण्याच्या प्रवृत्तीला वापरला जातो. १९५२ पासून वापरात आलेल्या क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांनी अशा रुग्णांना उतार पडतो, आणि ती औषधे डोपामिनच्या ग्राहकांवर अडसर घालतात. उलट, कंपवातावरील काही औषधे डोपामिनचे कार्य वाढवतात. त्यांमुळे काही रुग्णांना भास होतात, तर काहींना जुगाराचा अनावर नाद लागतो. भारतीय वंशाचे मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ साली हा धागा स्पष्ट केला. डोपामिनचा निरोप अवेळी व अस्थानी जाऊ लागला, की क्षुल्लक गोष्टींना अवाजवी महत्त्व येते. मग मन त्या महत्त्वाचे स्पष्टीकरण रचते, आणि तोच भ्रम होय.

निरोगी माणसांविषयीही संशोधन झाले आहे. २०१० साली स्वित्झर्लंडमधील पीटर ब्रुगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० निरोगी पुरुषांना क्षणभर चेहरे व शब्द दाखवले. त्यांत काही खरे होते, काही निरर्थक मोडतोड होती. अलौकिकावर विश्वास असणारे लोक नसलेली आकृती ‘दिसली’ म्हणण्याकडे झुकले. संशयी लोक असलेलीही हुकवण्याकडे झुकले. डोपामिन वाढवणारे लेव्होडोपा दिल्यावर संशयी लोकांची खरे-खोटे पारखण्याची क्षमता घटली. विश्वास ठेवणाऱ्यांची मात्र तशी घटली नाही. तेव्हा ‘डोपामिन वाढले, की श्रद्धाळूपणा वाढतो’ असे सरळ सूत्र मांडता येत नाही. मेंदूत अनेक द्रव्ये एकत्र काम करतात आणि माणसामाणसांत फरक असतो.

यावरून एक कर्तव्य मात्र निघते. भ्रम होणारा रुग्ण ‘बाधा झालेला’ नव्हे आणि खोटारडाही नव्हे. आपल्या सर्वांच्या मेंदूत चालणारी क्रियाच त्याच्या ठायी प्रमाणाबाहेर गेलेली असते. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. त्याला कोंडणे, बांधणे किंवा मारणे हा अन्याय होय.

भीतीचे काम

२००२ सालच्या खेड्यांतील माणसे रुग्ण नव्हती. त्यांच्या डोपामिनचे मोजमाप कोणी केलेले नाही, आणि एका द्रव्याने सबंध समाजाचे वर्तन समजावून सांगणे योग्यही नाही. पण परिस्थितीचा परिणाम आपल्याला ठाऊक आहे. २००८ साली जेनिफर व्हिटसन व अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी अमेरिकेत दाखवले, की आपल्या हाती काही उरले नाही अशी जाणीव करून दिलेल्या माणसांना नुसत्या ठिपक्यांतही आकृत्या अधिक दिसतात. पाऊस नाही, अंधार आहे, शेजारी भयभीत आहेत. अशा वेळी सापाचे पारडे आणखी जड होते. दर नवी वार्ता पुढच्या माणसाच्या मेंदूत ठसा मारून जाते आणि तो त्याच रेषांवरून टाके घालतो.

अशा चुकीची किंमत नेहमी घटकाभर धडकी एवढीच नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. येथे भुई धोपटली गेली नाही. माणसे धोपटली गेली. परके असणे एवढीच त्यांची ‘खूण’ होती.

चार घरांचा तक्ता

आकृती दिसणे आपल्या हाती नाही. ती दिसल्यावर काय करावे, हे मात्र आपल्या हाती आहे. यासाठी कागदावर चार घरे आखावीत. पहिल्यात कावळा बसला व फांदी मोडली अशा घटना लिहाव्यात. दुसऱ्यात कावळा बसला पण फांदी मोडली नाही, तिसऱ्यात कावळा नसताना फांदी मोडली, आणि चौथ्यात दोन्ही घडले नाही, अशा घटना लिहाव्यात. आपली स्मृती पहिलेच घर भरते, कारण तेथेच मेंदूतील निरोप्या हाक मारतो. उरलेली तीन घरे आपण स्वतः कष्टाने भरावी लागतात. चारही घरांतील आकडे पाहिल्यावाचून कावळ्याला दोष देऊ नये.

मुंहनोचव्याच्या दिवसांत एखाद्या गावाने एवढेच केले असते, की गेल्या वर्षी याच महिन्यात किती जण ओरखडे घेऊन उठत होते आणि प्रकाश न दिसताही किती जण ओरबाडले गेले हे विचारले असते, तर भीतीचा जोर बराच ओसरला असता. क्लार्क यांनी लंडनच्या नकाशावर दुसरे काय केले? त्यांनी रिकामी घरेही मोजली.

चिकनचे कापड पाहून कारागिराचे स्मरण होणे योग्य आहे. भिंतीवरील ओलीत चेहरा दिसणे हेही स्वाभाविक आहे. परंतु त्या चेहऱ्याच्या नावाने शेजाऱ्याच्या दारावर चालून जाण्यापूर्वी भिंतीला हात लावून पाहावा. ती केवळ ओली असते.